परदेशी स्पोर्ट्स कार मागवताना: नंबर प्लेट लावण्याआधी आम्हाला विचारा

परदेशी गाड्या बंदरातून सोडवून देण्याचे काम करणाऱ्या आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातील कार्यालयात एकच प्रश्न वारंवार येतो: "मुलाने लंडनला गाडी घेतली, चार दिवस चालवली, आता ती नवी म्हणूनच आणता येईल ना?" उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते ऐकून आम्ही उगाच अडवतो आहोत असा पुष्कळांचा ग्रह होतो. म्हणून हे पत्रक.

आयात धोरणानुसार, भारतात येण्यापूर्वी जी गाडी विकली गेलेली नाही, भाड्याने वा वापरायला दिलेली नाही आणि कोणत्याही देशात नोंदवलेली नाही, तीच नवी ठरते. मीटरवर ४० किलोमीटर आहेत की ४,०००, याने काहीच बदलत नाही. एका ग्राहकांनी पाठवलेल्या छायाचित्रात पुढच्या बंपरवर स्क्रूची दोन भोके दिसत होती. नंबर प्लेट त्यांनी काढून ठेवली होती, परंतु ब्रिटनच्या नोंदणीपत्रावर पहिल्या नोंदणीची तारीख छापलेली असते आणि सीमाशुल्क अधिकारी तीच पाहतात.

अशी गाडी जुनी ठरली की ती फक्त मुंबई बंदरातूनच येऊ शकते, उत्पादनाला तीन वर्षांहून अधिक काळ झालेला चालत नाही, आणि जहाजात चढवण्यापूर्वीच तपासणीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. गाडी नवी समजून न्हावा शेवा या वेगळ्या बंदराचे बुकिंग केलेले असेल, तर ती यार्डात उभी राहते, विलंबशुल्क रोज चढत जाते आणि आमचे लोक आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहारात अडकतात. शुल्कही वाढते. विमा व जहाजभाडे धरून ४०,००० डॉलरहून महाग असलेल्या नव्या गाडीवर फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पापासून सर्वसाधारण दराने मूळ शुल्क व कृषी उपकर मिळून ११० टक्के लागतात, तर जुनीवर १३७.५ टक्के, आणि दोन्हींत मूल्य व शुल्काच्या बेरजेवर मोठ्या इंजिनाच्या गाडीला ४० टक्के जीएसटी. एक कोटी मूल्याची नवी गाडी अशा रीतीने २ कोटी ९४ लाखांना पडते, आणि तेवढ्याच मूल्याची जुनी सुमारे ३ कोटी ३२ लाखांना. चार दिवसांच्या हौसेचे ३८ लाख होतात, हे आम्ही आधी सांगितले की कटू वाटते आणि नंतर सांगितले की भांडण होते.

दुबईच्या शोरूममधल्या गाड्यांविषयी थोडक्यात: स्टिअरिंग उजवीकडे हवे, आणि नवी गाडी ती जिथे तयार झाली त्याच देशातून यावी लागते. इटलीत बनलेली फेरारी दुबईहून नवी म्हणून आणता येत नाही.

नोंदवलेली गाडी नवी दाखवून कागद भरण्याचे काम आम्ही घेत नाही, मग ग्राहक कितीही जुने असोत. "अमक्याने करून दिले" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या अमक्याने आणलेली गाडी पुढे कुठे अडली, हे बहुधा कोणी सांगत नाही.

तेव्हा परदेशात पैसे भरण्यापूर्वीच विक्रेत्याचे कोटेशन व चेसिस क्रमांक आमच्याकडे पाठवावा. दोन दिवसांत लेखी अंदाजपत्रक मिळेल. दर बदलत असल्याने ते पंधरा दिवसांपुरतेच ग्राह्य धरावे. कागद तपासण्याचे शुल्क आम्ही आगाऊ घेतो, मात्र पुढचे काम आमच्याकडे आल्यास, म्हणजे बंदरातील सोडवणूक, बंद ट्रकमधून बडोद्यापर्यंत वाहतूक आणि आरटीओतील नोंदणी, ती रक्कम एकूण बिलातून वजा होते.