बांधावरचा ड्रोन आणि त्यामागचा कायदा

आडसाली ऊस डोक्यावर गेला की सातारा-सांगलीच्या शिवारात फवारणीचे हाल सुरू होतात. पाठीवर पंप, पाल्याने कापलेले हात, नाकातोंडात औषध. म्हणून कराड-वाळव्याकडे दहा लिटरची टाकी लावलेला ड्रोन बांधावर आला, की आजूबाजूचे शेतकरी हातातलं काम टाकून बघायला येतात. एकराची फवारणी दहाएक मिनिटांत उरकते. त्या घोळक्यात एक प्रश्न हमखास निघतो, "परवानगी लागती का वो याला?"

याचं उत्तर गेल्या दहा वर्षांत अनेकदा बदललं आहे.

मुळात कायदा होता १९३४ चा. हवेच्या आधाराने तरंगणारं यंत्र म्हणजे विमान, अशी त्याची व्याख्या आणि तिच्यात फुगे, ग्लायडर यांच्या जोडीला चक्क पतंगही! त्यामुळे ड्रोन आला तो विमान म्हणूनच, आणि आपसूक नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या हाताखाली गेला. मात्र आत माणूस नसलेलं विमान सामान्य नागरिकाने कसं उडवायचं, याचे नियमच नव्हते. मे २०१४ मध्ये मुंबईत एका पिझ्झावाल्याने ड्रोनने पिझ्झा पोचवून दाखवला आणि त्याची चर्चा देशभर झाली. ७ ऑक्टोबर २०१४ ला डीजीसीएने जाहीर केलं, की नियम होईपर्यंत खाजगी कोणीही ड्रोन उडवायचा नाही.

ही बंदी चार वर्षं चालली. त्याच काळात लग्नाच्या शूटिंगमध्ये ड्रोन रुळला. वरातीवर घिरट्या घालणारं ते यंत्र बेकायदा आहे, हे ना नवरदेवाला माहीत होतं, ना बऱ्याचदा उडवणाऱ्याला. बंदीचं खरं नुकसान हेच, असं मला वाटतं. ड्रोन थांबले नाहीत, पण शिस्त लावणारं कुणी उरलं नाही.

१ डिसेंबर २०१८ पासून पहिले नियम लागू झाले. 'परवानगी नाही तर उड्डाण नाही' हे त्यांचं सूत्र होतं, म्हणजे ऑनलाइन मंजुरी आल्याशिवाय यंत्राने जमीनच सोडायची नाही. शेतीत वापर चालणार होता, पण कीटकनाशक फवारणी वगळून! ऊस आणि द्राक्षाच्या आपल्या पट्ट्याला नेमकं जे हवं होतं, तेच बाजूला राहिलं. ती वाट मोकळी झाली टोळधाडीमुळे. २०२० च्या मे महिन्यात टोळ आवरण्यासाठी सरकारने आपल्याच पीकसंरक्षण खात्याला ड्रोनने फवारायची सशर्त सूट दिली.

१२ मार्च २०२१ ला नवे नियम आले, पण अर्ज आणि शुल्कांचं जंजाळ एवढं की पाच महिन्यांतच ते बदलावे लागले. मधे २७ जूनला जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली गेली. आता सगळं आवळणार, असं वाटत असताना २५ ऑगस्ट २०२१ चे ड्रोन नियम उलट सैल निघाले. अर्जांचे नमुने २५ वरून ५ वर आले, शुल्काचे प्रकार ७२ वरून ४ वर. मला हा निर्णय धाडसी आणि योग्य वाटतो.

आजचा डोलारा याच नियमांवर उभा आहे. वजनाचे पाच गट आहेत, अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या नॅनोपासून दीडशे किलोच्या पुढच्या मोठ्या ड्रोनपर्यंत. आकाशाचे हिरवा, पिवळा, लाल असे तीन भाग. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा २०० फूट होते आणि त्याहून जवळ गेलं की नियम आणखी कडक. त्यामुळे कराडजवळ वारुंजीच्या विमानतळाच्या आसपास शेत असलेल्यांनी या रंगांचा सरकारी नकाशा उघडल्याशिवाय ड्रोन बोलावू नये. कोयना धरणाचा परिसर आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प यांचा विचार तर वेगळाच करायला हवा, वनहद्दीत वनखातंही विचारणार.

फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार परदेशी ड्रोनची आयात थांबली आणि वैमानिक परवान्याच्या जागी मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेचं प्रमाणपत्र आलं. अट दहावी पास आणि वय १८ पूर्ण. २०२३ मध्ये पासपोर्टची सक्ती गेली, तेव्हा कुठे खेड्यातल्या पोरापोरींना हे दार खऱ्या अर्थाने उघडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महिलांच्या १५,००० बचत गटांना ड्रोन देणाऱ्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेला मंजुरी मिळाली. १९३४ चा कायदा १ जानेवारी २०२५ पासून गेला आणि त्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला.

तेव्हा बांधावरच्या प्रश्नाचं आजचं उत्तर असं: हिरव्या भागात दर उड्डाणाला परवानगी नको, पण फवारणीच्या ड्रोनला नोंदणी क्रमांक हवा, उडवणाऱ्याकडे प्रमाणपत्र हवं, आणि दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा विमा हवा. गेल्या हंगामात एका ताईंना फवारताना पाहिलं. ड्रोन गाडीतून काढण्याआधी त्या प्लॉटला पायी वळसा घालून आल्या. विजेच्या तारा कुठून गेल्यात ते पाहिलं, कडेच्या शेवग्याची उंची नजरेने मोजली, शेजारच्या रानातल्या भांगलणाऱ्या बायकांना हाक मारून लांब जायला सांगितलं. मग चिमूटभर माती वरून सोडून वारा कुठला आहे ते बघितलं. वारा जोराचा होता. त्या टाकी न भरताच बांधावर बसून राहिल्या.