पहिल्या चित्रानंतरचे महिने: हवामान उपग्रह सेवेत येण्यामागची पार्श्वभूमी

पहिले चित्र आले की बातमी होते, पण उपग्रह सेवेत आलेला नसतो. इन्सॅट-3डीएसचे प्रक्षेपण 17 फेब्रुवारी 2024 ला झाले आणि 7 मार्चला त्याने पहिली चित्रे टिपली. जपानच्या हिमावारी-8 ला प्रक्षेपणापासून सेवेपर्यंत 9 महिने लागले, अमेरिकेच्या गोज मालिकेतल्या गोज-16 ला 13.

1960 च्या टायरोस-1 या सुरुवातीच्या हवामान उपग्रहापुढे हा प्रश्नच नव्हता. टीव्ही कॅमेऱ्यात ढग दिसले की काम भागत होते, आणि उपग्रहही सुमारे अडीच महिनेच चालला. पुढे मोजलेली किरणे थेट हवामान अंदाजाच्या संगणकीय प्रारूपात जाऊ लागली आणि चाचणीकाळ लांबला. तापमानातली अर्ध्या अंशाची चूक डोळ्याला कळत नाही; प्रारूप मात्र ती खरी हवा समजून पुढे चालते.

चाचणीची सुरुवात उपकरण तापवण्याने होते. इन्सुलेशनच्या थरांत अडकलेली वाफ निर्वातात बाहेर पडते आणि सर्वांत थंड भागावर, म्हणजे अवरक्त (उष्णतेची, डोळ्याला न दिसणारी) किरणे टिपणाऱ्या डिटेक्टरच्या आसपास, गोठते. म्हणून तो भाग आधी हीटरने गरम ठेवतात, थंड करणे नंतर. घाई केली तर बर्फाचा पातळ थर काही चॅनेलचा (किरणांच्या ठरावीक पट्ट्यांचा) सिग्नल खातो आणि पुन्हा तापवण्यासाठी निरीक्षणे थांबवावी लागतात. मग अवरक्त चॅनेलचे कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या मूल्यांशी मोजमाप जुळवणे: एका टोकाला मोकळे अवकाश, दुसऱ्या टोकाला ज्ञात तापमानाची ब्लॅकबॉडी, म्हणजे तापमानानुसार ठरावीक किरणे सोडणारा काळा पृष्ठभाग. दृश्य चॅनेलला ब्लॅकबॉडी निरुपयोगी, तिथे सूर्यप्रकाश पसरवणारी पट्टी किंवा चंद्र लागतो. उपकरणाचा रोखही तपासावा लागतो, कारण 36 हजार किलोमीटरवरून 28 मायक्रोरेडियनची चूक म्हणजे जमिनीवर 1 किलोमीटर. शेवटी ध्रुवीय कक्षेतल्या साउंडरच्या (हवेच्या वेगवेगळ्या थरांचे तापमान व आर्द्रता मोजणाऱ्या उपकरणाच्या) मोजमापांशी ताळा.

खरी परीक्षा विषुवदिनाच्या, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याच्या दिवसाच्या, आगेमागे होते. मध्यरात्री सूर्य पृथ्वीच्या पलीकडून जवळजवळ थेट उपकरणात डोकावतो. ऐन विषुवदिनाला पृथ्वीची सावली थोडा आधार देते. सर्वाधिक ताप त्याच्या आधी आणि नंतर.

गोज-17 चे दुखणे नेमके इथले. 1 मार्च 2018 ला प्रक्षेपित झालेल्या या उपग्रहाच्या चाचणीत दिसले की इमेजरची (चित्रे टिपणाऱ्या उपकरणाची) उष्णता ती अवकाशात सोडणाऱ्या रेडिएटरपर्यंत नेणाऱ्या नळ्या, म्हणजे हीट पाइप, नीट चालत नाहीत. चौकशीत सर्वांत संभाव्य कारण ठरले ते आत राहिलेला बाहेरचा कण. 16 पैकी 13 चॅनेलना झळ बसली. डिटेक्टरचे तापमान आणि कॅलिब्रेशनची वारंवारता बदलून बरेच सावरले, आणि 12 फेब्रुवारी 2019 ला उपग्रह अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या जागी सेवेत आला. तेव्हा आकडा दिला गेला तो अपेक्षित माहितीपैकी 97 टक्क्यांहून अधिक मिळण्याचा.

तो आकडा खोटा नाही, पण तो सरासरी आहे. उरलेले 3 टक्के वर्षभर सारखे विखुरलेले नव्हते. ते ठरावीक आठवड्यांतल्या रात्रींत साचले होते, आणि त्यातले ऑगस्ट व ऑक्टोबरच्या आसपासचे आठवडे पूर्व प्रशांतातल्या चक्रीवादळांच्या हंगामात पडतात. रात्री दृश्य चॅनेल नसतात, तेव्हा अवरक्तच आधार. तरीही त्याला सेवेत घेण्याचा निर्णय योग्य म्हणावा लागतो, कारण जुना गोज-15 2020 च्या सुरुवातीपर्यंत शेजारी चालू ठेवला होता. तो नसता तर हाच निर्णय बेफिकिरीचा ठरला असता.

गोज-18 साठी शीतकरणाची रचना बदलली. 2022 मध्ये चाचणी चालू असतानाच त्याची चित्रे गोज-17 च्या तापलेल्या तासांत भरली गेली, म्हणजे अजून सेवेत नसलेला उपग्रह सेवेतल्याला सांभाळत होता. याला आधीचा दाखलाही होता: 2017 च्या हार्वे आणि इर्मा चक्रीवादळांत गोज-16 ची माहिती ‘प्राथमिक’ शिक्क्यासकट वापरली गेली होती. शिक्का कागदावर राहतो, अंदाजकाराला रात्री समोर दिसेल ते हवे असते. 4 जानेवारी 2023 ला गोज-18 ने गोज-17 ची जागा घेतली आणि गोज-17 राखीव गेला.