दुखापत भरपाई दाव्याची मुदत (नाशिक)

अपघातात किंवा दुसऱ्याच्या हलगर्जीपणामुळे इजा झाल्यास भरपाई मागण्यासाठी कायद्याने दिलेला काळ. इजा कशी झाली आणि भरपाई कुणाकडे मागायची, त्यानुसार तो बदलतो. मुदत कायदा, 1963 मध्ये शारीरिक इजेसाठी स्वतंत्र अनुच्छेद नाही. म्हणून साध्या दिवाणी दाव्याला अनुच्छेद 113 ची तीन वर्षे धरतात. माणूस दगावला, तर घातक अपघात कायद्याखालचा दावा मृत्यूपासून दोन वर्षांत लावावा लागतो.

वाहन अपघाताच्या मुदतीने बरेच हेलकावे खाल्ले आहेत. मोटार वाहन कायदा, 1988 मधली सहा महिन्यांची अट 1994 मध्ये काढली गेली, 2019 च्या दुरुस्तीने परत आली आणि 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली. तिला आव्हान मिळाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये, पुढील आदेशापर्यंत केवळ उशिराच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत, असे अंतरिम बजावले. तरीही सहा महिन्यांच्या आत अर्ज टाकलेला बरा. अपघात कसारा घाटात झाला तरी नाशिकचा रहिवासी नाशिकच्या मोटार अपघात दावा अधिकरणात अर्ज करू शकतो.

सातपूर-अंबडच्या कारखान्यात हात यंत्रात सापडला, तर कर्मचारी भरपाईसाठी (नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 खाली) दोन वर्षे मिळतात. ज्याचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो त्याला मात्र हा मार्ग बंद, त्याने ईएसआयकडेच जायचे. रुग्णालयाच्या चुकीबद्दल ग्राहक आयोगात दोन वर्षे, रेल्वे अपघातासाठी रेल्वे दावा अधिकरणात एक वर्ष.

सर्वांत फसवी मुदत महापालिकेविरुद्धची. खड्ड्यात किंवा उघड्या चेंबरमध्ये पडून पाय मोडला, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 487 नुसार आधी लेखी नोटीस, मग महिनाभर थांबणे, आणि तरीही दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत. लोक विभागीय कार्यालयात तक्रारींवर तक्रारी देत बसतात. त्याने मुदत थांबत नाही.

ग्राहक आयोग, रेल्वे अधिकरण किंवा कर्मचारी भरपाईच्या अर्जाला उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून माफी मिळू शकते. दिवाणी दाव्याला ती सोय नाही. प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरी न्यायालयाने मुदतबाह्य दावा फेटाळलाच पाहिजे. अल्पवयीन मुलाची तीन वर्षे मात्र तो सज्ञान झाल्यावर सुरू होतात. शेवटचा दिवस सुट्टीत आला, तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दाखल केलेला दावा मुदतीतच धरतात.