लिथियम आणि कॉर्टिसॉल : जुने औषध, न सुटलेला प्रश्न

तीव्र नैराश्याच्या अनेक रुग्णांच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढलेले आढळते. मग औषधाने माणूस सावरला की ते उतरलेच पाहिजे, अशी समजूत रूढ झाली. उन्माद आणि नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या लिथियमच्या बाबतीत ती टिकत नाही, आणि म्हणूनच या औषधाचा इतिहास पुन्हा पाहावासा वाटतो.

1940 च्या दशकाच्या अखेरीस मेलबर्नजवळच्या बंडूरा इथल्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांना उन्मादाच्या रुग्णांच्या लघवीत एखादे विष असावे अशी शंका होती. युरिक आम्ल पाण्यात नीट विरघळेना, म्हणून त्यांनी त्याचा लिथियम क्षार घेतला. तो टोचल्यावर गिनीपिग शांत झाले. मूळ तर्क चुकीचा निघाला, पण लिथियम हाती लागले. त्यांनी ते आधी स्वतः घेऊन पाहिले, मग उन्मादाच्या 10 रुग्णांना दिले. परिणाम थक्क करणारा होता. मात्र 1950 मध्ये त्यातला पहिला रुग्ण लिथियमच्या विषबाधेने दगावला. त्याच सुमारास अमेरिकेत मिठाऐवजी लिथियम क्लोराइड खाणारे हृदयरोगीही मरण पावले होते. या औषधाची भीती अनाठायी नव्हती. डेन्मार्कमध्ये मनोविकारतज्ज्ञ मॉगेन्स शाऊ यांनी 1954 पासून चिकाटीने चाचण्या केल्या, रक्तातली पातळी मोजण्याची शिस्त आली, आणि 1970 मध्ये अमेरिकेनेही मान्यता दिली.

मेंदूत ते नेमके काय करते, हे कळू लागले ते फार उशिरा. 1980 च्या सुमारास पेशींमध्ये संदेश पोहोचवायला लागणाऱ्या इनोसिटॉल या रेणूच्या चक्रात ते अडथळा आणते हे दिसले. 1996 मध्ये जीएसके-3 या विकराला ते रोखते हे सिद्ध झाले.

ताणाची साखळी अशी : मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच हे संप्रेरक, त्याच्या इशाऱ्यावर पियुषिका ग्रंथीतून एसीटीएच हे दुसरे संप्रेरक, आणि मग मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल. रात्री डेक्सामेथासोन हे साखळीला दाबणारे, कॉर्टिसॉलसारखे औषध द्यायचे, दुसऱ्या दिवशी सीआरएच टोचायचे आणि ही साखळी किती उसळते ते मोजायचे, अशी एक चाचणी आहे. नैराश्यावरच्या जुन्या ट्रायसायक्लिक औषधांनी ही उसळी कमी होते. पण 2002 मध्ये जर्मन संशोधकांनी, नैराश्यावरच्या गोळ्यांनी गुण न आलेल्या रुग्णांना जोडीला लिथियम दिले, तेव्हा एसीटीएच आणि कॉर्टिसॉलचा प्रतिसाद उलट वाढला.

माझ्या मते याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण व्हॅसोप्रेसिनकडे, म्हणजे शरीरात पाणी धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाकडे जाते. लिथियम मूत्रपिंडात या संप्रेरकाचे काम अडवते. म्हणूनच रुग्णाला सतत तहान लागते आणि लघवी फार होते. भरपाई म्हणून शरीर व्हॅसोप्रेसिन वाढवते, आणि तेच सीआरएचच्या जोडीने पियुषिका ग्रंथीकडून जास्त एसीटीएच काढून घेऊ शकते. हे खरे असेल, तर कॉर्टिसॉलची ही वाढ आजाराची खूण नसून औषधाचीच असू शकते.

म्हणून लिथियमवरच्या रुग्णाचे कॉर्टिसॉल पाहून औषध लागू पडते की नाही हे ठरवता येत नाही. नियमित तपासायचे ते रक्तातले लिथियम, मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियम.