डंकवरची बंदी आणि पास देणाऱ्याकडे दाखवलेलं बोट

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये 'नम्र खेळाडू' आणि 'शो करणारा खेळाडू' हा वाद दर हंगामात नव्याने पेटतो. त्याची मुळं शोधायची तर राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या १९६६ च्या अंतिम सामन्यापर्यंत मागे जावं लागतं. टेक्सास वेस्टर्नचे सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय, समोर केंटकीचा पूर्ण गोरा संघ. पहिल्या काही मिनिटांतच डेव्हिड लॅटिनने केंटकीच्या पॅट रायलीवर चढून डंक मारला (उडी घेऊन चेंडू वरून थेट रिंगमध्ये कोंबला) आणि टेक्सास वेस्टर्नने ७२-६५ ने विजेतेपद नेलं. पुढच्या वर्षी यूसीएलए विद्यापीठाचा सात फुटी लू अल्सिंडर (नंतरचा करीम अब्दुल-जब्बार) पहिल्याच हंगामात विजेता ठरला. लगेच १९६७-६८ पासून एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेने, डंकवर बंदी घातली. डंक मारला की बास्केट रद्द, वर टेक्निकल फाऊल, म्हणजे नियमभंगाचा दंड. वॉर्म-अपमध्येसुद्धा मनाई.

अधिकृत कारणं दोन होती : दुखापती आणि सामानाची मोडतोड. दुसरं कारण अगदीच खोटं नव्हतं. त्या काळी रिंग मागच्या काचेच्या बोर्डाला घट्ट बोल्ट केलेली असे. सुमारे ३.०५ मीटर उंचीवर कुणी लटकला की सगळा भार काचेवर जाई. रिंग वाकायची, कधी काचच फुटायची. यावर तोडगा आर्थर एराट या इलिनॉयमधल्या गृहस्थांनी काढला. शेती अवजारातली स्प्रिंग लावून त्यांनी अशी रिंग बनवली, जी जास्त भार आला की खाली झुकते आणि भार सुटला की जागेवर येते. १९८२ मध्ये तिचं पेटंट मिळालं. पण ही बंदी आपल्यावर आणि कृष्णवर्णीय खेळाडूंवर रोखलेली आहे असं अल्सिंडरला वाटलं आणि त्याने ते बोलूनही दाखवलं. १९६६ चा अंतिम सामना डोळ्यांसमोर ठेवला तर त्याचं म्हणणं झटकून टाकता येत नाही.

बंदीने शैली मेली नाही, तिने वाट बदलली. अल्सिंडरने हुक शॉट (एका हाताने डोक्यावरून कमानीत टाकलेला चेंडू) घोटला. नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या डेव्हिड थॉम्पसनने ॲली-ऊप नावारूपाला आणला. त्याची रचना साधी आहे. बचावपटू पास अडवायला बाहेर सरकतो, थॉम्पसन त्याच्या पाठीमागून रिंगकडे धावतो आणि त्याचा सहकारी माँटी टो चेंडू वर उंच सोडतो. डंक निषिद्ध असल्यामुळे चेंडू हवेतच झेलून रिंगमध्ये अलगद सोडायचा. पास किंचित आधी आला तर उडी पोचत नाही, रिंगच्या वरच्या हद्दीत गेला तर हात लावणंच नियमबाह्य. म्हणजे डोळे दिपवणारी ही चाल दोघांच्या वेळेच्या अचूक मेळावर उभी होती. याच संघाने १९७४ मध्ये उपांत्य फेरीत यूसीएलएला ८०-७७ असं हरवून त्यांची सलग सात विजेतेपदांची मालिका तोडली. १९७५ मध्ये घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात थॉम्पसनने डंक मारलाच. बास्केट रद्द झालं, फाऊल लागला. १९७६-७७ मध्ये बंदी उठली. वॉर्म-अपमधली मनाई मात्र थेट २०१५-१६ पर्यंत टिकली.

दुसरीकडे नम्रतेची म्हणून एक शिस्तबद्ध शाळा उभी राहत होती, आणि ती शाळा प्रवचनाची नव्हती. यूसीएलएचे कोच जॉन वूडन हंगामाच्या पहिल्या दिवशी राष्ट्रीय स्तरावरच्या खेळाडूंना मोजे घालायला शिकवत : मोजा बोटांवरून ताणायचा, करंगळी आणि टाचेजवळ हात फिरवून सुरकुती शोधायची, मोजा वर धरून बूट चढवायचा, नाडी भोकाभोकाने आवळायची. सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ यांचा नियम असा की बास्केट करणाऱ्याने पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं. दमलेल्या खेळाडूने मूठ वर करून स्वतःच बाहेर येण्याची खूण करायची. मग परत कधी जायचं तेही तोच ठरवणार. न सांगता दमलेला सापडला, तर ते कोच ठरवणार. १९८१ मध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या मुखपृष्ठासाठी स्मिथनी चार जुने खेळाडू उभे केले. पाचवा नवखा होता, म्हणून त्याला वगळलं. त्याचं नाव मायकेल जॉर्डन. नम्रता स्वभावात असावी लागत नाही, सवय म्हणून घडवता येते, हे या दोघांनी ओळखलं होतं, आणि त्यांचं खरं मोठेपण मला त्यातच दिसतं.

मात्र शो कुणाचा खपवून घ्यायचा याचा हिशेब कधीच सरळ नव्हता. डंकबंदीच्याच वर्षांत लुइझियाना स्टेटचा गोरा पीट मॅराविच पाठीमागून, पायांमधून पास देत होता आणि सामन्यागणिक सरासरी ४४.२ गुण करत होता, तेही लांबून केलेल्या बास्केटला तीन गुण देणारी रेषा नसताना. त्याचे वडीलच कोच होते. त्याच्या करामतींवर नियम आला नाही. उलट १९९१ मध्ये मिशिगनच्या पाच नवख्या कृष्णवर्णीय मुलांच्या ढगळ चड्ड्या आणि काळे मोजेसुद्धा टीकेचा विषय झाले. हे पाच जण लागोपाठ दोनदा अंतिम फेरीत पोचले. दोन्ही वेळा हरले, आणि टीकाकारांनी तो हिशेब त्यांच्या वागण्याच्या नावावर मांडला.

एप्रिल २०२३ मध्ये तेच पुन्हा घडलं, या वेळी महिलांच्या अंतिम सामन्यात. लुइझियाना स्टेटने आयोवाला १०२-८५ ने हरवल्यावर एंजल रीसने केटलिन क्लार्कसमोर चेहऱ्यापुढे हात हलवून 'तू मला दिसतच नाहीस' अशी खूण केली. हीच खूण क्लार्कने त्याच स्पर्धेत आधी केली होती, तेव्हा तिचं कौतुक झालं. रीसवर मात्र शिव्यांचा पाऊस पडला. आपल्यासाठी रीसला बोल लावू नका, असं क्लार्कनेच जाहीरपणे सांगितलं. तोवर या खुणांना बाजारभावही आला होता, कारण १ जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर कमाई करण्याची मुभा आहे. नियमपुस्तकात आज डंकला बंदी नाही; फाऊल आहे तो विनाकारण रिंगला लटकल्याबद्दल आणि प्रतिस्पर्ध्याला डिवचल्याबद्दल. खाली कुणी असेल आणि इजा टाळायची असेल, तर रिंग धरून ठेवायला परवानगी आहे. डिवचणं कशाला म्हणायचं, हे मात्र त्या क्षणी पंचाच्या नजरेवर सोडलेलं आहे.