कॅथलिक विवाह व कुटुंबसेवा (पुणे धर्मप्रांत)

लग्न ठरल्यापासून संसार मुरेपर्यंत, आणि तो मोडायला आला तर त्या वेळीही, कॅथलिक कुटुंबाच्या पाठीशी उभे राहण्याचे चर्चचे काम.

पुणे धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या देखरेखीखालचा प्रदेश, १८८६ मध्ये स्थापन झाला. सेंट पॅट्रिक्स हे त्याचे कॅथिड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च. त्या काळी धर्मगुरूचा लग्नाशी संबंध येई तो मुख्यतः नोंदवहीपुरता. बाप्तिस्म्याचे दाखले पाहायचे, जवळचे नाते किंवा आधीचे लग्न आड येत नाही ना याची खात्री करायची, मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) लग्नाची सूचना वाचायची, लग्न लावून नोंद करायची. हे काम आजही चालते आणि ते कमी लेखू नये. धर्मगुरू व साक्षीदारांसमोरच लग्न व्हावे, हा नियम ट्रेन्ट परिषदेने (कॅथलिक बिशपांच्या सभेने) १५६३ मध्ये केला तो गुपचूप लग्ने लावून नंतर नाकारली जात म्हणून. त्यात फसवणूक व्हायची ती बहुधा बाईचीच.

अशाच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये विवाहाकडे ‘जीवन व प्रेमाची निकट सहभागिता’ म्हणून पाहिले, आणि कामाचा रोख विधीकडून घराकडे वळला. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९८१ च्या ‘फॅमिलिआरिस कॉन्सॉर्शिओ’ या कुटुंबाविषयीच्या पत्राने लग्नाच्या तयारीचे तीन टप्पे सांगितले: लहानपणी घरात मिळणारे वळण, मोठेपणी मिळणारे शिक्षण आणि लग्नाआधीच्या महिन्यांतली तयारी. लग्नपूर्व शिबिरे या शेवटच्या टप्प्यात येतात. पैसा, सासर-माहेर, लैंगिक जीवन, नैसर्गिक कुटुंबनियोजन, रुसवेफुगवे हे सारे तिथे बोलले जाते. एका शिबिराने पहिल्या टप्प्याची उणीव भरून निघत नाही, हे मात्र मान्य करायला हवे.

पुण्यात या सेवेला स्वतःचे वळण आहे. मराठी, गोवेकर, मंगळुरी, तमिळ, मल्याळी अशी कुटुंबे एकाच धर्मग्रामात (एका चर्चच्या परिसरात) असतात, शिवाय शिक्षण-नोकरीसाठी आलेली तरुण मुले. घरात एक भाषा, मिस्सेत दुसरी, भांडण तिसरीत! सल्ला देणाऱ्याला निदान भांडणाची भाषा समजायला हवी. याच शहरात सिरो-मलंकार कॅथलिकांची, म्हणजे पोपना मानणाऱ्या पण केरळातली पौर्वात्य उपासनापद्धती पाळणाऱ्यांची, स्वतंत्र व्यवस्थाही (पुणे-खडकी, २०१५) आहे. त्यामुळे दोघे कॅथलिक असूनही लग्न कोणत्या परंपरेने लावायचे, हा प्रश्न पडू शकतो.

सर्वांत नाजूक प्रश्न भिन्नधर्मीय विवाहांचा. पूर्वी बिगर-कॅथलिक जोडीदारालाही हमी द्यावी लागे. १९७० पासून कॅथलिक व्यक्तीच वचन देते, श्रद्धा जपण्याचे आणि मुलांच्या बाप्तिस्म्यासाठी शक्य ते सारे करण्याचे. जोडीदाराला त्याची कल्पना दिली जाते. हिंदू आजी-आजोबांच्या घरात हे वचन पाळताना सुनेची किंवा जावयाची किती ओढाताण होते, हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. इथे परवानगीचा कागद हातात देऊन भागत नाही. दोन्ही घरांशी बोलणारा माणूस लागतो.

पोप फ्रान्सिस यांच्या ‘अमोरिस लेतित्सिया’ या पत्राने (२०१६) दुखावलेल्या संसारांची सोबत करण्यावर भर दिला. विवाह मुळातच अवैध होता का, हे चर्चचे स्वतःचे धर्मप्रांतीय न्यायालय तपासते. विवाह अवैध ठरवणाऱ्या प्रत्येक निकालावर चर्चच्याच दुसऱ्या न्यायालयाचे शिक्कामोर्तब घेण्याची अट २०१५ च्या सुधारणेने गेली. तथापि चर्चच्या निकालाने कायद्याने झालेले लग्न संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून चर्चचा निकाल हाती आलेल्या जोडप्यालाही शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाची पायरी चढावीच लागते, आणि तिथवर त्यांच्याबरोबर जाणे हाही या सेवेचाच भाग आहे.