मारियुश पुद्झ्यानोव्स्की: पाच जगज्जेतेपदांची पार्श्वभूमी

२६ एप्रिल २०२५ रोजी पोलंडमधल्या ग्लिविट्से शहरात इंग्लंडच्या एडी हॉलने मारियुश पुद्झ्यानोव्स्कीला अवघ्या तीस सेकंदांत हरवले. लढत मिश्र मार्शल आर्ट्सची होती, पण लोक जमले होते दोघांच्या जुन्या ओळखीपायी. हॉल हा २०१७ चा ‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’, ५०० किलोचा डेडलिफ्ट, म्हणजे वजन जमिनीवरून उचलून ताठ उभे राहणे, मारणारा पहिला माणूस. समोर होता ४८ वर्षांचा पुद्झ्यानोव्स्की, याच किताबाचा पाच वेळचा मानकरी. हा किताब पाच वेळा जिंकणारा दुसरा कुणी आजवर झालेला नाही. नव्या पिढीतल्या अनेकांनी त्याला फक्त या लढतीत पाहिले, याचे वाईट वाटते. त्याची खरी कारकीर्द १९९९ ते २००९ या दहा वर्षांतली आहे.

‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’ ही स्पर्धा १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली, तीच मुळी टीव्हीसाठी. वेटलिफ्टर, कुस्तीगीर, फुटबॉलपटू, शरीरसौष्ठवपटू यांना एकत्र आणायचे आणि फ्रीज पाठीवर घेऊन पळणे, लोखंडी सळ्या वाकवणे असली कामे करायला लावायची, असा तो खेळ. पहिला विजेता अमेरिकेचा ब्रूस विल्हेल्म. पुढे खेळ युरोपकडे झुकला. आइसलंडच्या योन पाउल सिग्मारसन आणि माग्नुस वेर माग्नुसन यांनी प्रत्येकी चार किताब मिळवले आणि चार हाच आकडा शिखर मानला जाऊ लागला. योगायोग असा की स्पर्धा सुरू झाली त्याच वर्षी, ७ फेब्रुवारी १९७७ रोजी, मध्य पोलंडमधल्या ब्यावा राव्स्का या लहानशा गावात पुद्झ्यानोव्स्कीचा जन्म झाला.

पोलंडला ताकदीच्या खेळांची जुनी परंपरा आहे आणि तिचा एक धागा थेट आपल्या आखाड्यापर्यंत येतो. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा पैलवानासमोर उभा राहिलेला झ्बिश्को पोलिशच होता. त्याचे मूळ नाव स्तानिस्वाफ त्सिगानिएविच. अडीच तासांहून जास्त वेळ तो चटईला चिकटून राहिला, गामाला त्याला चीत करता आले नाही, आणि आठवड्याने ठरलेल्या फेरकुस्तीला झ्बिश्को आलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळात दोघे पुन्हा भिडले तेव्हा गामाने त्याला मिनिटभरातच अस्मान दाखवले. आपल्याकडे झ्बिश्को हरलेला पैलवान म्हणून लक्षात राहिला. पोलंडमध्ये मात्र त्याचे नाव आदराने घेतले जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या समाजवादी राजवटीत या परंपरेला सरकारी आधार मिळाला. खेड्यापाड्यांत क्रीडासंघ निघाले, वेटलिफ्टिंगला प्रशिक्षक मिळाले. वाल्देमार बाशानोव्स्कीने १९६४ आणि १९६८ अशी सलग दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. पुद्झ्यानोव्स्कीचे वडील वोयचेखही वेटलिफ्टर होते, त्यामुळे लोखंड घरातच होते. पण मुलगा एका खेळाला बांधून राहिला नाही. अकराव्या वर्षी क्योकुशिन कराटे, तेराव्या वर्षी वजनांचा व्यायाम, पुढे काही वर्षे बॉक्सिंग. नंतर वूच शहरातल्या क्लबकडून तो रग्बीही खेळला. त्याची कारकीर्द समजून घेताना हे सतत ध्यानात ठेवायला हवे, कारण त्याच्या बहुतेक प्रतिस्पर्ध्यांनी आयुष्यभर फक्त वजने उचलली होती. हा वजने उचलत होताच, शिवाय धावत होता, लाथा मारत होता, टॅकल करत होता.

१९८९ मध्ये राजवट बदलली. सरकारी पैसा आटला, खासगी वाहिन्या आल्या आणि त्यांना स्वस्तात गर्दी खेचणारे कार्यक्रम हवे होते. स्ट्राँगमनला, म्हणजे असल्या ताकदीच्या कामांच्या खेळाला, फारसे काही लागत नाही: एक चौक, एक ट्रक, काही दगड आणि उन्हाळ्याची सुटी. गावोगावी अशा स्पर्धा भरू लागल्या. १९९९ मध्ये प्वोत्स्क शहरातल्या अशाच एका स्पर्धेत पुद्झ्यानोव्स्की पहिल्यांदा उतरला. वर्षभरातच, २००० साली, दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला झालेल्या जागतिक अंतिम फेरीत तो चौथा आला. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

२००१ ची स्पर्धा त्याने खेळली नाही. मारहाण आणि लुबाडणुकीच्या एका प्रकरणात तो तुरुंगात होता. त्याचे गुणगान करणारे बरेच लेख ही गोष्ट गाळतात. मला ते पटत नाही. सुटून आल्यावर त्याने जे केले त्याचे वजन या गोष्टीसकटच कळते.

२००२ मध्ये क्वालालंपूरला तो पहिल्यांदा जगज्जेता झाला. त्या वर्षी तिसरा आलेला लाटवियाचा राइमोंड्स बेर्गमानिस पुढे आपल्या देशाचा संरक्षणमंत्री झाला. २००३ मध्ये झांबियात व्हिक्टोरिया धबधब्याजवळ पुद्झ्यानोव्स्कीने जे केले त्याला मात्र तोड नाही. दुसऱ्या क्रमांकावरच्या लिथुआनियाच्या झिद्रुनास साविकासपेक्षा त्याने तब्बल २० गुण जास्त घेतले. प्रत्येक प्रकारात पहिल्याला दहा गुण मिळतात, म्हणजे शेवटचा प्रकार सुरू होण्याआधीच निकाल लागला होता.

हे कसे घडले? साविकास तेव्हाही, आणि माझ्या मते आजही, एका जागी उभे राहून वजन उचलण्यात जगातल्या सर्वकाळच्या बलाढ्यांत बसतो. ओंडका डोक्यावर नेण्यात किंवा डेडलिफ्टमध्ये पुद्झ्यानोव्स्की त्याच्या पुढे नव्हता. पण स्ट्राँगमनचे निम्मे प्रकार चालत-धावत करायचे असतात. दोन हातांत जड पेट्या धरून चालणे म्हणजे फार्मर्स वॉक. खांद्यावर भलीमोठी लोखंडी चौकट पेलून धावणे म्हणजे योक. ट्रक ओढणे, पिंपे-साखळ्या एकामागून एक वाहणे, आणि बहुधा शेवटी अ‍ॅटलस स्टोन्स: साधारण १०० ते १६० किलोंचे पाच गोल दगड चढत्या क्रमाने ओट्यांवर ठेवायचे. यातल्या बहुतेक प्रकारांना मिनिट-सव्वामिनिटाची मर्यादा असते. पहिल्या वीस सेकंदांत सगळेच बलवान दिसतात, चाळिसाव्या सेकंदाला पाय जड होतात. पुद्झ्यानोव्स्की त्या चाळिसाव्या सेकंदालाही पळत असे. उंची १८६ सेंटिमीटर, वजन १४० किलोच्या आसपास आणि पोटाचे स्नायू वेगवेगळे दिसणारे. शेजारी १७० किलोंचे प्रतिस्पर्धी उभे असताना तो बारीकच वाटायचा.

हात ताणून वजन नुसते धरून ठेवायचे प्रकारही असतात. जेजुरीच्या मर्दानी दसऱ्याला ४२ किलोचा खंडा आडव्या हाताने पेलणारे तरुण ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यातली कळ वेगळी सांगायला नको. ही कळ सोसण्यातही तो इतरांना भारी पडायचा.

त्या वर्षांत पोलंडचे लोक कुणीतरी जिंकायची वाट पाहत होते. फुटबॉल संघ १९८६ नंतर पहिल्यांदा, २००२ साली विश्वचषकाला पोहोचला आणि गटातच बाद झाला. बर्फावरची स्की-जंप मारणारा आदाम मावीश सलग विश्वचषक किताब जिंकत होता आणि त्याच्यासाठी अख्खा देश टीव्हीसमोर बसत होता. पुद्झ्यानोव्स्कीचा काळ नेमका तोच. त्याला लाडाने ‘पुद्झ्यान’ म्हणू लागले, मुलांना त्याचे नाव पाठ झाले आणि देशातल्या स्पर्धांना भरपूर गर्दी होऊ लागली.

२००४ मध्ये बहामाजमध्ये धक्का बसला. तो तिसरा आला होता, पण उत्तेजक चाचणीत दोषी ठरला आणि त्याचा निकाल रद्द झाला. त्या वर्षी युक्रेनचा वासिल विरास्त्यूक जिंकला. या खेळातल्या चाचण्या ऑलिंपिकसारख्या काटेकोर कधीच नव्हत्या, हे सगळ्यांनाच माहीत आहे. तरी नोंद ती नोंदच, आणि ती त्याच्या नावावर आहे.

त्यानंतरची घटना या खेळाच्या इतिहासात त्याहून मोठी. स्पर्धकांची संघटना आणि ‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’चे आयोजक यांच्यात फाटले. आयएफएसए नावाच्या त्या संघटनेने स्वतःची जागतिक स्पर्धा काढली आणि आपल्या करारातल्या खेळाडूंना दुसरीकडे खेळायला बंदी केली. साविकास आणि विरास्त्यूक तिकडे गेले. पुद्झ्यानोव्स्की जुन्या स्पर्धेतच राहिला. २००५ मध्ये चीनमधल्या छंगतू इथे तो जिंकला आणि त्याच वर्षी साविकासने तिकडचे विजेतेपद मिळवले. २००६ लाही साविकास, २००७ ला विरास्त्यूक. म्हणजे तीन वर्षे जगात दोन जगज्जेतेपदे होती आणि सगळ्यात बलवान दोन माणसे एकमेकांसमोर येत नव्हती.

पुद्झ्यानोव्स्कीच्या पाच किताबांवर घेतला जाणारा सगळ्यात गंभीर आक्षेप हाच: २००५, २००७ आणि २००८ ची मैदाने अर्धी रिकामी होती. आक्षेपात तथ्य आहे. पण तो घेणारे २००३ विसरतात. तेव्हा मैदान पूर्ण भरलेले होते, साविकास समोर होता आणि तरी फरक २० गुणांचा होता. शिवाय फुटीनंतरही त्याला विजय फुकट मिळाले नाहीत. २००६ मध्ये चीनमधल्या सान्यात शेवटच्या दगडांच्या प्रकारात अमेरिकेच्या फिल फिस्टरने त्याच्या हातून किताब काढून घेतला. फिस्टर वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनचा अग्निशमन जवान. २००७ ला अनाहाइममध्ये पुद्झ्यानोव्स्की पहिला आणि सेबास्तियान वेन्ता दुसरा, म्हणजे वरच्या दोन्ही जागा पोलंडच्या. आणि २००८ ची स्पर्धा भरली थेट फिस्टरच्या चार्ल्सटनमध्ये.

तिथला निकाल पुन्हा दगडांवर लागला. अमेरिकेचा डेरेक पाउंडस्टोन गुणांत थोडा पुढे होता, प्रेक्षक त्याचे होते, आणि पुद्झ्यानोव्स्कीला जिंकायचे तर पाउंडस्टोनच्या आधी पाचही दगड ठेवणे भाग होते. त्याने ते ठेवले. पाउंडस्टोन शेवटच्या दगडाशी अडला. पाचवा किताब, आइसलंडच्या दोघांपेक्षा एक जास्त. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या विजयांत हा सरस. २००३ मध्ये तो इतरांपेक्षा खूप वरचढ होता, त्यामुळे जिंकला. २००८ मध्ये तो जवळपास हरलेला असून जिंकला. त्याच वर्षी पोलिश टीव्हीवरच्या सेलिब्रिटी नृत्यस्पर्धेत तो दुसराही आला होता.

तोवर आयएफएसए मोडकळीला आली होती आणि तिकडचे खेळाडू परतले. २००९ मध्ये माल्टात साविकास पहिला, पुद्झ्यानोव्स्की दुसरा, आणि तिसरा ब्रायन शॉ नावाचा अमेरिकन. पुढच्या सात वर्षांत साविकास आणि शॉ यांनी प्रत्येकी चार किताबांची बेरीज पूर्ण केली. वजने वाढली, माणसेही वाढली. शॉ दोनशे किलोंच्या घरातला.

पुद्झ्यानोव्स्कीने त्या शर्यतीत राहायचे नाकारले. ११ डिसेंबर २००९ रोजी मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणाऱ्या पोलंडच्या केएसडब्ल्यू संघटनेच्या पिंजऱ्यात तो मार्चिन नायमान या बॉक्सरसमोर उभा राहिला आणि पाऊण मिनिटाच्या आत जिंकला. निकाल लावला मांडीवर बसलेल्या लाथांनी, म्हणजे अकराव्या वर्षी शिकलेल्या कराटेने. पुढचे सोपे नव्हते. सव्वामिनिटाच्या श्रमाला सरावलेल्या शरीराला पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या झेपेनात. २०१० मध्ये यूएफसी या अमेरिकेतल्या अशाच संघटनेचा माजी विजेता टिम सिल्व्हियाने त्याला दमवून हरवले. मग त्याने वजन उतरवले, कुस्ती शिकला आणि पंधरा वर्षे टिकला. १९९६ चा ज्युदोतला ऑलिंपिक विजेता पावेल नास्तुला याला त्याने हरवले. बीजिंग ऑलिंपिकच्या वेटलिफ्टिंगमधला सुवर्णविजेता शिमोन कोवेत्स्की याच्याकडून तो हरला. २०२२ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याने मिहाव मातेर्ला या मुरलेल्या लढवय्याला बेशुद्ध पाडले. ग्लिविट्सेची लढत त्यानंतर तीन वर्षांनी झाली.

स्ट्राँगमनच्या मैदानात मात्र पोलंडला त्याचा वारसदार अजून मिळालेला नाही. सगळ्यात जवळ पोहोचला तो मातेउश किएलिश्कोव्स्की. चालत-धावत करायच्या प्रकारांत तोही असाच वाघ. २०१८ मध्ये मनिलात आइसलंडच्या हाफथोर ब्योर्नसनच्या मागे तो दुसरा आला आणि २०१९ मध्ये फ्लोरिडात अमेरिकेच्या मार्टिन्स लिसिसच्या मागे पुन्हा दुसरा. नंतर दुखापतींनी त्याला मागे खेचले. चार्ल्सटननंतर हा किताब पोलंडमध्ये आलेला नाही.